झाकण उघडल्याशिवाय कार्ड घेऊ नका



रविवारी दुपारी जेवण आटोपून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दाराची कडी वाजली. मागच्या गल्लीतल्या आपा उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बिल. मागे त्यांची थोरली लेक आणि धाकटा मुलगा, दोघेही मान खाली घालून.

"भाईजान, एवढं बघा जरा. काल नांदेडहून आणलंय. डब्यात बसतच नाही."

पिशवीत ग्राफिक्स कार्ड होतं. नवंकोरं, दोन पंख्यांचं, विटेएवढं जाड. बिल साडेचौदा हजारांचं. बिलाच्या तळाशी ठरलेली ओळ छापलेली होती: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आपा शिवणकामावर घर चालवतात. शौहर गेल्यापासून त्यांच्या मशीनचा आवाज रात्री अकरापर्यंत गल्लीत ऐकू येतो. हे पैसे त्यांच्या भिशीचे होते. वर्षभर वाट पाहून नंबर लागला होता. त्यातून काय घ्यायचं यावर घरात दोन महिने चर्चा झाली होती, आणि शेवटी लेकीच्या कामासाठी कार्ड घ्यायचं ठरलं होतं.

लेकीचं काम म्हणजे काय, तेही सांगतो. तिने नांदेडला राहून इंटिरियर डिझाइनचा कोर्स केला. नोकरीसाठी पुण्याला पाठवायची घरच्यांची तयारी नव्हती. मग तिने घरीच काम धरलं. गोकुंद्याचे एक ठेकेदार तिला घरांचे नकाशे देतात. ती त्यावरून ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घराचं चित्र उभं करते. दर्शनी भाग कसा दिसेल, स्वयंपाकघराचा ओटा कुठे येईल, बैठकीत ऊन कुठून पडेल, हे सगळं घर बांधण्याआधीच मालकाला दिसतं. एका चित्रामागे ठरलेले पैसे मिळतात. या कमाईतून धाकट्याच्या बारावीची फी भरली गेली आहे.

अडचण एवढीच की संगणक साथ देत नव्हता. चित्र फिरवायला गेलं की अडकायचं. पक्कं चित्र तयार करायला, ज्याला रेंडर म्हणतात, पाच-सहा तास लागायचे. ती रात्री लावून झोपायची आणि पहाटे लाइट गेली की सगळं पाण्यात. ठेकेदार दोनदा बोलून दाखवून गेले होते, "उशीर होतोय, नसेल जमत तर सांगा."

धाकट्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून निदान केलं: "ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून." निदान अर्धं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्याची किंमत साडेचौदा हजार झाली असती.

डब्यात आधी काय आहे?

मी त्यांच्या घरी गेलो. संगणक ऑफिसातून निघालेला, जुना म्हणून विकत घेतलेला, आडव्या बारीक कॅबिनेटचा. असे संगणक आपल्याकडे आता घरोघर आहेत. मोठ्या शहरातल्या कंपन्या चार-पाच वर्षांनी संगणक बदलतात, ते दुरुस्त होऊन स्वस्तात बाजारात येतात. माल वाईट नसतो. पण तो टाइपिंग आणि हिशोबासाठी बनवलेला असतो, हे विसरून चालत नाही.

मी म्हणालो, "बेटी, कार्ड राहू दे बाजूला. तू रोज जसं काम करतेस तसं कर. मला फक्त बघू दे."

तिने ब्लेंडरमध्ये एक घर उघडलं. सोबत क्रोम उघडं होतं, त्यात फरशीचे आणि पडद्यांचे नमुने. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स नावाचा भाग असतो. पैसे खर्च करण्याआधी प्रत्येकाने हा भाग एकदा बघावा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

मेमरी म्हणजे रॅम ९५ टक्के भरलेली होती. एकूण रॅम ८ जीबी, तीही एकाच पट्टीची. चित्र फिरवताना संगणक अडकायचा त्याचं मुख्य कारण हे होतं. रॅम संपली की संगणक जागेसाठी डिस्ककडे धावतो, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू असते.

मग तिला रेंडर सुरू करायला सांगितलं. आता प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेला आणि तिथेच राहिला. म्हणजे पक्क्या चित्राचा सगळा भार प्रोसेसर एकटा ओढत होता.

आपांना मी सांगितलं, "आजार दोन आहेत. अडकण्याचा वेगळा, उशिराचा वेगळा. तुम्ही एकाचं औषध आणलंत, आणि तेही अंगाला न बसणारं."

अंगभूत ग्राफिक्स म्हणजे काय?

संगणकाच्या पडद्यावर जे दिसतं ते काढणारा एक भाग लागतोच. पूर्वी तो मदरबोर्डवर किंवा वेगळ्या कार्डावर असायचा. इंटेलने २०१० च्या सुमारास तो प्रोसेसरच्या पोटात आणायला सुरुवात केली आणि २०११ पासून तर एकाच चिपवर बसवला. म्हणून आज बहुतेक घरगुती आणि ऑफिसच्या संगणकांत वेगळं कार्ड नसतं आणि तरीही पडदा चालतो. यालाच अंगभूत किंवा इंटिग्रेटेड ग्राफिक्स म्हणतात.

घरातलं उदाहरण देतो. दोन जावा एकाच स्वयंपाकघरात एकाच ओट्यावर काम करतात असं समजा. एक भाकरी थापते, दुसरी भाजी चिरते. ओटा लहान असला की दोघींची अडचण होते. अंगभूत ग्राफिक्सचं तसंच आहे. त्याला स्वतःची मेमरी नसते. ते प्रोसेसरच्याच रॅममधून जागा उसनी घेतं. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला मात्र स्वतःचा ओटा असतो, आणि तोही रुंद.

किती रुंद, ते आकड्यांत बघा. आपांच्या संगणकातली रॅम डीडीआर-४, २६६६ वेगाची. एका पट्टीतून सेकंदाला सुमारे २१ जीबी माहिती ये-जा करू शकते. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत लावली की दोन्ही वाटा एकदम चालतात आणि आकडा ४२ च्या पुढे जातो. नांदेडहून आणलेल्या जीटीएक्स १६५० कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा आकडा १२८ आहे.

याचा अर्थ दोन गोष्टी. अंगभूत ग्राफिक्सवर काम करणाऱ्याने पहिला खर्च रॅमच्या दुसऱ्या पट्टीवर करावा, कारण तिने जागाही वाढते आणि वाटही दुप्पट होते. आणि दुसरी गोष्ट, कार्डाचा फायदा खरा आहे, तो नाकारायचं कारण नाही. प्रश्न कोणतं कार्ड आणि कोणत्या डब्यात, एवढाच आहे.

पट्टी, कागद आणि स्टिकर

मी लेकीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. आपा घाबरल्या. "भाईजान, तीच उघडणार? तुम्हीच करा ना."

"रोज वापरते ती. आत काय आहे ते तिला माहीत हवं."

धाकटा पुढे सरकला होता, त्याला मी पट्टी आणि कागद दिला. मोजायचं काम त्याचं.

वायर काढली, झाकण उघडलं. आत धूळ, पण मांडणी नीट. कार्ड बसवायची लांब खाच मोकळी होती, ती आधी बघितली. काही अगदी छोट्या, पुस्तकाएवढ्या संगणकांत ही खाचच नसते, त्यांना कार्ड लागणारच नाही. मग उंची मोजली. नेहमीच्या कार्डाची मागची लोखंडी पट्टी साधारण १२ सेंटिमीटर उंच असते. या कॅबिनेटमध्ये जागा होती ८ सेंटिमीटरची. अशा डब्यांसाठी बुटकी कार्डं मिळतात, त्यांना लो-प्रोफाइल म्हणतात. आणलेलं कार्ड पूर्ण उंचीचं होतं, शिवाय दोन खाचांची जाडी घेणारं. ते बसणं शक्यच नव्हतं.

"मामू, कॅबिनेट बदललं तर?" लेकीने विचारलं.

चांगला प्रश्न होता. पण कंपनीच्या ऑफिस संगणकांचे मदरबोर्ड बहुतेक वेळा खास त्याच डब्याच्या मापाचे असतात. बाजारातल्या साध्या कॅबिनेटमध्ये ते नीट बसत नाहीत. पॉवर सप्लायची पिनही वेगळी असते. एक वस्तू बसवायला तीन बदलाव्या लागतात.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. पॉवर सप्लायच्या डब्यावर एक स्टिकर असतो. आपले दुकानदार त्याला एसएमपीएस म्हणतात. मी लेकीला त्यावरचा आकडा वाचायला लावला. "१८० वॅट."

कागदावर बेरीज केली. प्रोसेसर ६५ वॅट. आणलेलं कार्ड ७५ वॅट, जे या खाचेतून मिळू शकणाऱ्या विजेची कमाल मर्यादाच आहे. डिस्क, रॅम, पंखे, मदरबोर्ड मिळून तीसएक धरा. १७० झाले. १८० मधून १७० गेले तर उरतात १०. रात्रभर रेंडर चालणार, वर किनवटचा मे महिना. मी म्हणालो, "हे कार्ड बसलं असतं तरी मी बसवू दिलं नसतं."

हे मी पुस्तकातून सांगत नव्हतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एमएस-सीआयटीचे वर्ग घ्यायचो, तेव्हा एका संगणकात हौसेने कार्ड लावलं होतं. स्टिकर वाचला नव्हता. तिसऱ्या दिवशी वर्ग भरलेला असताना फट्ट आवाज झाला, जळका वास आला आणि मुली बाहेर पळाल्या. पॉवर सप्लाय गेला तो गेलाच, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. चूक सर्वस्वी माझी होती. संस्थेने पगारातून पैसे कापले नाहीत, पण मला ते आजवर बोचतं. दुसऱ्याच्या पैशाची वस्तू आपल्या हाती अमानत असते.

नावाला फसू नका

आपा म्हणाल्या, "दुकानदाराने एकच विचारलं, बजेट किती? आम्ही सांगितलं पंधरा. त्याने हे काढून दिलं."

दुकानदाराने खोटं काही सांगितलं नव्हतं. कार्ड चांगलंच होतं. पण डबा कोणता, पॉवर किती, काम काय, हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

इथे आणखी एक सांगून ठेवतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात एकाच नावाखाली दोन माल असू शकतात. जीटी १०३० हे स्वस्त कार्ड २०१७ मध्ये आलं, तेव्हा त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावाने साधी डीडीआर-४ मेमरी लावलेलं कार्ड आलं, त्याचा वेग १७ जीबीसुद्धा भरत नाही. म्हणजे रॅमच्या एका पट्टीपेक्षाही कमी. खोक्यावर नाव तेच. म्हणून फक्त "किती जीबीचं कार्ड" एवढं विचारू नका. मेमरी कोणत्या जातीची, तेही विचारा.

जुनं कार्ड स्वस्तात घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. एनव्हिडियाच्या १० मालिकेची कार्डं, जशी १०५० टीआय, आजही सेकंडहँड बाजारात खूप फिरतात. पण ऑक्टोबर २०२५ नंतर कंपनीने त्यांच्यासाठी नेहमीचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं आहे. सुरक्षेपुरते अपडेट २०२८ पर्यंत मिळतील. कार्ड उद्या बंद पडणार नाही, पण नवी सॉफ्टवेअरं हळूहळू त्याला सोडून पुढे जातील. कमाईच्या कामासाठी घेताना हे लक्षात असू द्या.

आणि संगणकाचंही वय बघा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, थोडे अपवाद सोडले तर. आपांचा संगणक आठव्या पिढीचा निघाला, म्हणून त्यावर खर्च करण्यात अर्थ होता. सहाव्या-सातव्या पिढीचा असता तर मी म्हणालो असतो, पैसे साठवा, पुढचा संगणकच बघा.

ही कार्डं इतकी महाग का, असंही आपांनी विचारलं. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड आणलं आणि जीपीयू हा शब्द रुळवला. तेव्हा ते खेळांसाठी होतं. पुढे लोकांच्या लक्षात आलं की हजारो छोटी गणितं एकदम करायची ही ताकद दुसरीकडेही चालते. २०१२ मध्ये संशोधकांनी चित्रं ओळखणारी एक संगणकप्रणाली फक्त दोन गेमिंग कार्डांवर शिकवून तयार केली आणि स्पर्धा जिंकली. आजच्या एआयच्या लाटेला तिथून जोर आला. आपल्या पुण्याच्या सी-डॅकमधला परम सिद्धी-एआय हा महासंगणकही अशाच चिपांवर चालतो. जगभरातल्या मोठ्या कंपन्या ज्या मालासाठी रांगेत आहेत, त्याच रांगेत शेवटी किनवटची एक मुलगीही उभी आहे. तेव्हा तिने मोजून-मापून घेणं आलंच.

परतीचा प्रश्न

कार्ड परत कसं करायचं? आपांचा जीव त्यातच अडकला होता. धाकट्याने दुकानात फोन लावला, तर उत्तर आलं, "बिल वाचा." त्याने फोन ठेवला आणि तो रडवेला झाला. सगळा दोष आपल्यावर आला असं त्याला वाटत होतं. त्याला कार्ड थोडं गेमसाठीही हवं होतं, हे त्याने तेव्हाच कबूल केलं. आपा रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी सांगायचं होतंस, बेटा."

मी लेकीला म्हणालो, "फोनवर नाही होणार. तू स्वतः जा. कागद घेऊन जा."

मंगळवारी ती मामासोबत रेल्वेने नांदेडला गेली. किनवटकरांना नांदेडला जायचं म्हणजे जाऊन-येऊन दिवस जातो, हे तुम्हाला माहीत आहे. आदिलाबाद जवळ पडतं, पण बिल जिथलं तिथेच जावं लागतं. तिच्याजवळ कॅबिनेटची मापं होती, पॉवर सप्लायच्या स्टिकरचा फोटो होता, मॉनिटरच्या मागच्या पिनेचा फोटो होता. कार्ड खोक्यात जसंच्या तसं, एकही ओरखडा नाही.

काउंटरवरच्या मुलाने पुन्हा बिलावरची ओळ दाखवली. तिने शांतपणे मालकांना भेटायचं आहे असं सांगितलं. मालक आले. तिने कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, "चूक आमचीही आहे, आम्ही माप सांगितलं नाही. पण मला याच दुकानातून योग्य वस्तू घ्यायची आहे." मालकांनी कागद वाचला. पाचशे रुपये कापून बदली माल द्यायला ते तयार झाले. रोख परत मिळणार नव्हती, पण त्या रकमेत काय काय घ्यायचं ते तिच्यावर सोपवलं.

तिने त्या दिवशी ८ जीबी रॅमची जोडीची पट्टी घेतली, आणि एनव्हिडियाचं टी६०० हे कार्ड मागवायला सांगितलं. हे कार्ड बुटकं आहे, एकाच खाचेत बसतं, ४ जीबी जीडीडीआर-६ मेमरी आहे आणि खातं फक्त ४० वॅट. ताकद १६५० पेक्षा कमी, पण डब्याला आणि पॉवर सप्लायला झेपणारी. वरचा फरक आपांनी पुढच्या महिन्यात द्यायचा ठरला. कार्ड यायला आठ दिवस लागणार होते.

या आठ दिवसांनी एक गोष्ट शिकवली. रॅमची पट्टी लावताच चित्र अडकणं जवळपास थांबलं. लेक माझ्याकडे येऊन म्हणाली, "मामू, आता कार्ड खरंच हवं का? रद्द करू?"

मी उत्तर दिलं नाही. म्हणालो, "आठवडाभर लिहून ठेव. रेंडर किती वेळ चालतो, लाइट गेल्याने किती वेळा वाया जातो, ठेकेदारांना किती दिवस थांबावं लागतं."

तिने वहीत लिहिलं. सात रात्रींपैकी दोन वाया. तीन घरांची चित्रं उशिरा. तिने स्वतःच ठरवलं, कार्ड घ्यायचं. हिशोब तिचा होता, म्हणून निर्णयही तिचाच.

बसवताना

कार्ड आलं तेव्हा तिनेच बसवलं. मी खुर्चीवर बसून होतो, आपा दारात उभ्या होत्या. जे केलं ते क्रमाने सांगतो, वाचकांना उपयोगी पडेल.

संगणक बंद करून भिंतीतली वायर काढली. मग सुरू करायचं बटण पाच सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. नायलॉनची ओढणी बाजूला ठेवली आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावला. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, ती चिपला मारू शकते. मागची पत्र्याची झाकणपट्टी काढली. कार्डाला लहान पट्टी लावली, जी खोक्यात वेगळी मिळते. कार्ड दोन्ही बाजूंनी धरून खाचेत सरळ दाबलं, कट् असा आवाज आला. स्क्रू बसवला.

संगणक सुरू केला. पडदा काळाच.

आपांच्या तोंडून नकळत "या अल्लाह" निघालं. लेक मात्र मागे वाकून बघत होती. मॉनिटरची वायर जुन्याच जागी, मदरबोर्डला लावलेली होती. नवं कार्ड बसवल्यावर पडद्याची वायर कार्डाला लावायची असते. बहुतेक ऑफिस संगणकांत कार्ड दिसलं की अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद होतं. दहापैकी नऊ जण इथेच घाबरतात आणि कार्ड खराब समजून दुकान गाठतात.

दुसरी अडचण आधीच ओळखली होती. त्यांचा मॉनिटर जुना, निळ्या व्हीजीए पिनेचा. नव्या कार्डांवर ती पिन येत नाही. टी६०० वर तर फक्त छोटी डिस्प्लेपोर्ट पिन असते. म्हणून तिने नांदेडलाच व्हीजीएत बदलून देणारा ॲडॅप्टर सांगून ठेवला होता. मॉनिटरच्या पिनेचा फोटो नेला तो यासाठीच.

पडदा उजळला. एनव्हिडियाच्या अधिकृत साइटवरून ड्रायव्हर टाकला. मग ब्लेंडर उघडून रेंडर लावला, तर वेळ तेवढाच! कारण ब्लेंडरला कार्ड वापर असं सांगावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम या भागात कार्ड निवडायचं, आणि रेंडरच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस म्हणून जीपीयू करायचं. दोन्ही ठिकाणी. एक केलं आणि दुसरं राहिलं तर काम प्रोसेसरच करत बसतो.

आता जे चित्र सहा तास घ्यायचं ते दोन तासांच्या आत झालं. रात्रभराची चिंता गेली. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस मी माझ्याकडचा दिला आहे. लाइट गेली तर काम सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो. तो तिने पुढे विकत घ्यायचा आहे, हे ठरलं आहे.

धाकट्याला रविवारी दोन तास गेमसाठी मिळतात. बाकीच्या वेळी संगणक बाजीचा. हा करार आपांनी भिंतीवर लिहून लावला आहे.

तुमच्या घरी असा विचार सुरू असेल तर

पहिलं, टास्क मॅनेजर उघडून काम करताना काय भरतं ते बघा. रॅम भरत असेल तर आधी रॅम.

दुसरं, काम कोणतं ते ठरवा. टायपिंग, टॅली, ऑनलाइन वर्ग, व्हिडिओ बघणं, साधे नकाशे, यांना अंगभूत ग्राफिक्स पुरतं. ३डी चित्रं, मोठे व्हिडिओ, नवे गेम, यांना कार्ड लागतं.

तिसरं, झाकण उघडून खाच आहे का बघा, उंची आणि लांबी मोजा, पॉवर सप्लायचा स्टिकर वाचा. वाचल्याशिवाय कार्ड लावू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नीट नाही. कार्ड नंतर, आधी वायरमनला बोलवा.

चौथं, मॉनिटरची पिन कोणती ते पाहा.

पाचवं, लॅपटॉप असेल तर हा लेख सोडून द्या. लॅपटॉपमध्ये आतून असं कार्ड बसवता येत नाही. त्यात रॅम वाढते का, एवढंच दुकानात विचारा.

हे सगळं एका कागदावर लिहा, फोटो मोबाइलमध्ये ठेवा, मग दुकानात जा. दुकानदाराने "बजेट किती" विचारलं तर कागद पुढे करा. आणि जी किंवा जो त्या संगणकावर रोज बसतो, त्याला सोबत न्या.

परवा गोकुंद्याचे ते ठेकेदार आपांच्या घरी आले होते. त्यांच्या ऑफिसातला संगणकही अडकतो म्हणे. लेक स्क्रूड्रायव्हर आणि पट्टी घेऊन गेली होती. जाताना माझ्या दारावरून गेली. मी विचारलं, "काय सांगणार आहेस त्यांना?"

"आधी झाकण उघडणार, मामू. मग सांगेन."

पुढच्या अंकात यूपीएस आणि घरातल्या अर्थिंगबद्दल बोलू. खुदा हाफिज.